फिल्म आणि टीव्हीची पैशाची बाजू शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

कॉमर्स झालंय, सध्या एका ऑडिट फर्ममध्ये आहे, काम चांगलं चाललंय पण जीव रमत नाहीये. सिनेमा-सिरीजचं वेड लहानपणापासून, पण मला डायरेक्शन, ॲक्टिंग, कॅमेरा यातलं काहीही करायचं नाहीये (हे ऐकलं की लोकांना आधी हायसं वाटतं आणि मग विचारतात की मग करणार काय तू तिथे?). मला पैशाची बाजू समजून घ्यायचीय. सिनेमाला पैसे कोण देतं आणि का देतं, बजेट कसं बनतं, हक्क कोणाचे असतात, टीव्हीवाल्यांचं गणित वेगळं का असतं वगैरे वगैरे.

आता मीडियातलं एमबीए करावं, का फिल्म स्कूलमधला प्रोड्युसिंगचा कोर्स, का सरळ एखाद्या प्रॉडक्शन हाऊसच्या अकाउंट्समध्ये घुसावं? आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काही करता येण्यासारखं असेल तर तेही सांगा.

अजून एक, हा प्रश्न कदाचित बाळबोध आहे पण विचारतेच. बातमी येते की अमुक सिनेमाने बजेटच्या तिप्पट गल्ला केला, आणि सहा महिन्यांनी तोच निर्माता म्हणतो माझे पैसे सुटले नाहीत. थापा मारतात का हे लोक?

कॉलशीट

स्वागत आहे. प्रश्न बाळबोध अजिबात नाही, या धंद्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही हे नीट सांगता येत नाही. मी लाइन प्रोड्युसर आहे, म्हणजे मुळात खर्चाच्या बाजूचा माणूस, पण हे गणित मांडून दाखवतो.

सोपे आकडे घे. तिकिटांचा गल्ला १००, कर आधीच बाजूला काढलाय असं समज. बजेट ३०, म्हणजे तुझ्या बातमीतला ‘तिप्पट’वाला सिनेमा. या १०० मधले साधारण निम्मे थिएटरवाला ठेवतो (हे प्रमाण देशागणिक आणि आठवड्यागणिक बदलतं, कित्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात वितरकाला जास्त आणि मग हळूहळू थिएटरला जास्त), उरले ५०. वितरकाची फी ३० टक्के धरू, १५ गेले, उरले ३५. मग वितरकाने प्रिंट आणि जाहिरातीवर घातलेले पैसे, ज्याला सगळे पी अँड ए म्हणतात, ते आधी तो स्वतः वसूल करणार. ते २० धर. आणि हा खर्च त्या ३० च्या बजेटमध्ये नसतोच हां, बातमी देणारे हेच विसरतात. उरले १५. आता ३० च्या बजेटपैकी १० कर्जाचे होते, व्याज धरून ११ परत द्यायचे. उरले ४. आणि गुंतवणूकदारांनी घातले होते २०.

म्हणजे बातमीत हिट, आणि ज्याने पैसे घातले त्याच्या हातात विसातले चार. निर्मात्याचा वाटा तर अजून सुरूच झालेला नाही, कारण गुंतवणूकदाराला आधी त्याची पूर्ण रक्कम आणि वर ठरलेलं प्रीमियम मिळतं, पुष्कळदा २० टक्के असतं, आणि त्यानंतर जे उरेल ते साधारण निम्मं निम्मं, एक भाग गुंतवणूकदारांचा आणि एक निर्मात्याचा. आणि ज्या नट-लेखकांना ‘पॉइंट’ म्हणजे नफ्यातले टक्के दिलेले असतात ते बहुतेक निर्मात्याच्या भागातून जातात.

सिनेमा तरतो तो पुढे टीव्ही, स्ट्रीमिंग, परदेशातली विक्री, विमानात दाखवायचे हक्क अशा गोष्टींवर. पण तो पैसाही याच रांगेतून खाली येतो. या रांगेला वॉटरफॉल म्हणतात आणि तो करारात शब्दाशब्दाने लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय स्वतंत्र सिनेमात तर आलेले पैसे कुणा एकाच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून त्रयस्थ कंपनी नेमतात, कलेक्शन अकाउंट मॅनेजर, तो सगळे पैसे गोळा करतो आणि रांगेप्रमाणे वाटतो.

तर तुझा पहिला शनिवार-रविवार यात घाल. एक्सेल उघड, हेच आकडे टाक, मग फी ३० ची २० कर, कर्ज ० कर, वितरकाने हक्कांसाठी आगाऊ रक्कम म्हणजे मिनिमम गॅरंटी दिली असं धर, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या हातात किती पडतं ते बघ. ऑडिटवाली आहेस, तुला मजा येईल.

तिसरी_रांग

एमबीए नको, कोर्स नको, उगाच वर्षं आणि पैसे घालवू नका ताई. सरळ प्रॉडक्शन ऑफिसात जा, सहा महिने पेटी कॅश सांभाळा, बिलं गोळा करा, सेटवर उभ्या राहा. जे कळतं ते तिथेच कळतं. कोर्सवाल्यांना व्हाउचर कसं भरतात तेसुद्धा येत नाही, हे डोळ्यांनी बघितलंय.

वकिलीणबाई

तिसरी_रांग, अर्धं पटलं. सेटवर खर्च दिसतो, खर्च कसा होतो ते दिसतं, पण पैसा येतो कुठून आणि येतो तेव्हा कोणाच्या हक्काने येतो ते सेटवर दहा वर्षं उभं राहिलं तरी दिसणार नाही कारण तो व्यवहार तिथे होतच नाही, तो कागदावर होतो आणि बहुतेक वेळा शूटिंगच्या कितीतरी आधी होतो. मी मीडिया काँट्रॅक्ट्स बघते. माझ्याकडे येणारे निम्मे निर्माते शूट संपल्यावर येतात, तेव्हा फार काही करण्यासारखं उरलेलं नसतं.

निळी_शाई, कॉलशीटने रांग छान सांगितली. त्यात माझी भर एवढीच की ‘निव्वळ नफा’ हे शब्द करारात आले की त्याखालची व्याख्या वाचायची, ती कित्येक पानं चालते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आर्ट बुकवाल्ड विरुद्ध पॅरामाउंट. बुकवाल्ड हे अमेरिकेतले विनोदी स्तंभलेखक, त्यांनी स्टुडिओला एक कथाकल्पना दिली होती, आणि १९८८ साली ‘कमिंग टू अमेरिका’ आला तेव्हा ते म्हणाले ही माझीच कल्पना. १९९० साली कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. करारात त्यांना निव्वळ नफ्यात वाटा होता. आणि स्टुडिओने हिशेब दाखवला की सिनेमाला निव्वळ नफा झालेलाच नाही! जगभरातला गल्ला २८ कोटी डॉलरच्या वर होता बरं का. न्यायाधीशांनी त्या नफ्याच्या सूत्रातल्या बऱ्याच तरतुदी अन्यायकारक ठरवल्या आणि १९९२ मध्ये बुकवाल्ड आणि त्यांचे निर्माते-भागीदार अशा दोघांना मिळून ९ लाख डॉलर देण्याचा निकाल झाला. त्या सूत्रात काय काय होतं ते शोधून वाच, ओव्हरहेड म्हणजे स्टुडिओ चालवायच्या खर्चाचा भार, त्या ओव्हरहेडसकट खर्चावर व्याज, वितरण फी, मोठ्या नटांना वरच्या गल्ल्यातून दिलेला वाटा खर्च म्हणून धरलेला... ऑडिट करणारीला थ्रिलर वाटेल.

दुसरं, चेन ऑफ टायटल. जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतो तसं सिनेमाच्या कथेचे हक्क मूळ लेखकापासून आजच्या निर्मात्यापर्यंत कोणकोणत्या कागदांनी आले ती साखळी. एक कडी सुटली तरी एरर्स अँड ओमिशन्सचा विमा, म्हणजे हक्कांवरून कुणी दावा लावला तर संरक्षण देणारा विमा, मिळत नाही, आणि तो विमा नसेल तर मोठे वितरक सहसा सिनेमा हातात घेत नाहीत. कादंबरीचे हक्क घेताना सहसा आधी ऑप्शन घेतात, म्हणजे ठरलेल्या किमतीचा छोटा भाग, साधारण १० टक्के, आत्ता द्यायचा आणि वर्ष-दीड वर्ष ती कथा अडवून ठेवायची, तेवढ्यात पैसे उभे राहिले तर बाकीची रक्कम देऊन हक्क पूर्ण घ्यायचे. नाही उभे राहिले तर हक्क लेखकाकडे परत.

आता गंमत. हा सगळा विषय जेम्स स्टुअर्ट या एकाच नटावर शिकवता येईल. १९५० च्या ‘विंचेस्टर ७३’ साठी स्टुडिओला त्याची फी परवडेना, तर त्याचा एजंट ल्यू वॉसरमन याने फीऐवजी नफ्यात वाटा मागून घेतला, आणि तिथून स्टार लोकांच्या वाट्याचे करार हॉलिवूडमध्ये सर्रास झाले. १९५४ चा ‘रिअर विंडो’ ज्या कथेवर आहे ती १९४२ मध्ये छापली गेली. तेव्हा अमेरिकेत कॉपीराइट २८ वर्षांचा असायचा आणि पुढे नूतनीकरण करावं लागायचं. लेखकाने नूतनीकरणानंतरचे हक्कही देईन असं कबूल केलं होतं पण तो १९६८ मध्ये, नूतनीकरणाआधीच, वारला. त्याच्या इस्टेटीकडून शेल्डन अबेंड नावाच्या माणसाने ते हक्क ६५० डॉलर अधिक पुढच्या कमाईतले १० टक्के अशा सौद्यात घेतले, सिनेमा ऐंशीच्या दशकात पुन्हा रिलीज झाला तेव्हा दावा ठोकला, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकला. त्या केसचं नावच स्टुअर्ट विरुद्ध अबेंड, कारण सिनेमाच्या मालकीत स्वतः स्टुअर्टही होता. आणि तिसरं म्हणजे १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. १९७४ मध्ये कुणीतरी नूतनीकरणाचा अर्ज करायचाच राहिला, टीव्ही स्टेशनांना सिनेमा फुकटात मिळाला, दर नाताळात सगळीकडे लागायला लागला आणि त्यानेच तो घराघरात पोचला. पुढे १९९३ मध्ये मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून रिपब्लिक पिक्चर्सने ते फुकट प्रसारण बंद पाडलं.

वाटा, साखळी, मुदत. तिन्ही गोष्टी एका माणसाच्या नावावर.

निळी_शाई

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. बुकवाल्डची केस काल रात्री दोनपर्यंत वाचत बसले, व्याज ज्या रकमेवर लावलंय ते बघून डोकंच फिरलं.

वॉटरफॉलचं एक्सेल केलं. कॉलशीटदादा, कर्ज शून्य केलं आणि बजेट तेवढंच ठेवलं तर गुंतवणूकदाराला ३० मधले १५ मिळतात, म्हणजे चारापेक्षा बरं. मग लोक कर्ज घेतातच का?

कॉलशीट

कारण ते जास्तीचे १० इक्विटीने, म्हणजे व्याजाऐवजी नफ्यातल्या वाट्यावर, घालणारा माणूस सहजी मिळत नाही म्हणून. आणि ते कर्ज बहुतेक वेळा हवेवर दिलेलं नसतं. एखाद्या देशातल्या वितरकाने आधीच करार केला की सिनेमा तयार होऊन हातात आला की एवढे देईन, की ती प्रीसेल झाली, आणि तो करार तारण ठेवून बँक पैसे देते. सरकारी टॅक्स क्रेडिट, म्हणजे तिथे केलेल्या खर्चावर मिळणारी करसवलत, येणार असेल तर त्यावरही देते. जे अजून विकलेलंच नाही अशा देशांच्या अंदाजावर घेतलं तर ते गॅप फायनान्स, ते महाग.

पण बघ, वितरकाचा करार म्हणतो ‘सिनेमा तयार होऊन आला की’. नाहीच झाला तर? म्हणून बँक कंप्लिशन बाँड मागते. बाँड कंपनी हमी देते की ठरलेल्या बजेटात, ठरलेल्या तारखेला सिनेमा पोचेल, नाहीतर आम्ही पुरा करू किंवा बँकेचे पैसे देऊ. लंडनची फिल्म फायनान्सेस ही कंपनी १९५० पासून हेच करतेय. फी बजेटच्या साधारण २-३ टक्के, आणि बजेटात १० टक्के कंटिंजन्सी, म्हणजे अचानक येणाऱ्या खर्चासाठी राखीव रक्कम, ठेवलेली असायलाच हवी असा आग्रह. आणि बाँडवाले काय बघतात? शेड्यूल, बजेट आणि दर आठवड्याचा कॉस्ट रिपोर्ट. इथे माझी खर्चाची बाजू आणि वकिलीणबाईंची कागदाची बाजू एकमेकींना भेटतात.

कॉस्ट रिपोर्ट तुला पटकन जमेल असं वाटतं. प्रत्येक हेडपुढे मूळ बजेट, आजवर झालेला खर्च, शब्द देऊन बसलोय पण बिल आलेलं नाही असा खर्च, अजून किती लागेल त्याचा अंदाज, आणि या तिन्ही खर्चांची बेरीज करून शेवटी कितीला पडेल तो आकडा, आणि मूळ बजेटशी फरक. नवीन माणूस फक्त दिलेली बिलं बघतो आणि म्हणतो अजून पुष्कळ शिल्लक आहे. ऑडिटमध्ये होऊन गेलेल्याचा हिशेब असतो, इथे पुढे काय होणार ते आज सांगायला लागतं आणि चुकलं तर सोमवारी सकाळी फोन येतो.

रिमोट_माझ्याकडे

टीव्हीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोबाइलवरून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

टीव्हीचं पहिलं वेगळेपण म्हणजे बजेट एपिसोडमागे असतं, आणि त्यात दोन पदर असतात. जो खर्च प्रत्येक एपिसोडला परत परत होतो तो पॅटर्न बजेट, आणि सेट उभारणी, सुरुवातीची डेव्हलपमेंट, टायटल असला एकदाच होणारा खर्च सगळ्या एपिसोडमध्ये वाटतात, त्याला अमॉर्ट म्हणतात. म्हणून चॅनलने १३ च्या जागी ८ च एपिसोड मागितले की एपिसोडमागे खर्च चढतो, सेट तोच आहे, वाटायला भागीदार कमी.

दुसरं म्हणजे मालकी कोणाची. अमेरिकन नेटवर्कचा जुना प्रकार असा की नेटवर्क लायसन्स फी द्यायचं ती खर्चापेक्षा कमी, खड्डा स्टुडिओ स्वतः भरायचा, त्याला डेफिसिट फायनान्सिंग म्हणतात, आणि सगळा जीव त्या सिरीयलच्या पुढच्या आयुष्यावर, म्हणजे साधारण १०० एपिसोड झाले की ती दुसऱ्या स्टेशनांना रोज लावायला विकता यायची, सिंडिकेशन. हे कुणाच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते बघायचं तर ‘आय लव्ह लुसी’ बघ, १९५१ ची. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांनी कमी मोबदला चालवून घेतला पण एपिसोड फिल्मवर शूट केले आणि त्यांची मालकी स्वतःच्या देसिलू कंपनीकडे ठेवली. तेव्हा पुन्हा तेच एपिसोड कोण बघणार असं वाटायचं लोकांना. पुढे १९७० ते १९९३ तिथे नियमच होता, फिन-सिन म्हणतात, नेटवर्कने दुसऱ्यांनी बनवलेल्या कार्यक्रमांच्या मालकीत आणि सिंडिकेशनच्या पैशात हात घालायचा नाही. नियम गेला आणि नेटवर्क आणि स्टुडिओ एकाच घरात आले, स्वतंत्र निर्मात्यांची पंचाईत झाली.

आता स्ट्रीमिंगने तो खेळच बदलला. ते खर्च अधिक ठरावीक टक्के असं देतात, कॉस्ट प्लस, निर्मात्याला खड्डा नाही, नफा पहिल्या दिवशीच पक्का, पण पुढचं आयुष्य त्यांचं. सिरीज जगभर गाजली तरी तुम्हाला ते ठरलेले टक्केच. चांगलं का वाईट यावर लोक तासन्‌तास भांडतात, माझं मत विचाराल तर कंपनी लहान असेल तर हे बरं, झोप लागते रात्री, पण मग आपण निर्माता राहत नाही, ठेकेदार होतो. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि नटांचा ११८ दिवस चालला, त्यात इतर मुद्दे होतेच पण पुन्हा दाखवल्यावर मिळणारे पैसे म्हणजे रेसिड्युअल स्ट्रीमिंगवर कशाच्या आधारावर द्यायचे हे भांडण मोठं होतं.

आणि फॉर्मॅट! टीव्हीतला खरा मलईदार धंदा. एपिसोड विकायचाच नाही, तो बनवायची पद्धत विकायची. ‘बिग ब्रदर’ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं आणि तिथून देशोदेशी गेलं. विकत घेणाऱ्याला बायबल मिळतं, त्यात कॅमेरे कुठे, दिवे कसे, नियम काय, संगीत कुठलं सगळं. यातही पैशाची भांडणं आहेतच, ‘हू वाँट्स टु बी अ मिलिअनेअर’ च्या ब्रिटिश मालकांनी, सेलाडोरने, अमेरिकेत डिस्नीवर दावा लावला, म्हणणं असं की चॅनल आणि प्रॉडक्शन कंपनी दोन्ही तुमच्याच घरातल्या, आपसात भाव इतका कमी लावला की आमच्या वाट्याला नफाच येऊ नये. २०१० मध्ये ज्यूरीने साधारण २७ कोटी डॉलर मंजूर केले. बुकवाल्डच्या केसचा हा टीव्ही भाऊ, फक्त इथे खर्च फुगवण्याऐवजी उत्पन्नच कमी दाखवल्याचा आरोप होता.

तिसरी_रांग

वकिलीणबाई आणि बाकी मंडळी, सगळं वाचलं. मान्य, सेटवर हे दिसत नाही. पण मला सांगा एमबीएत तरी दिसतं का? तिथे नेटफ्लिक्सची स्ट्रॅटेजी यावर प्रेझेंटेशन करून घेतात आणि मुलं जाहिरात एजन्सीत जातात.

वकिलीणबाई

हे मात्र खरंय. सर्वसाधारण मीडिया एमबीए मार्केटिंगकडे झुकलेलं असतं. चॅनलच्या ॲड सेल्समध्ये जायचं असेल तर ठीक. प्रोड्युसिंगचे खास कोर्स वेगळे, लॉस एंजेलिसला यूएससीचा पीटर स्टार्क प्रोग्रॅम, यूसीएलएचा प्रोड्युसर्स प्रोग्रॅम, एएफआय कन्झर्व्हेटरी, ब्रिटनमध्ये एनएफटीएस, कोलकात्याला सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्येही फिल्म-टीव्ही प्रोड्युसिंग ही वेगळी शाखा आहे. या ठिकाणी लेखक, दिग्दर्शकांबरोबर खरे सिनेमे बनवून घेतात, तिथे भेटलेली माणसं पुढे वीस वर्षं पुरतात. युरोपात ईएव्हीई म्हणून आहे, १९८८ पासून, तिथे तर स्वतःचा प्रोजेक्ट घेऊन जायचं आणि वर्षभरात त्याचं फायनान्सिंग शिकत शिकत उभं करायचं, पण ते आधीपासून निर्माते असलेल्यांसाठी.

कोर्स निवडताना मी एकच गोष्ट बघेन. अभ्यासक्रमात खरा वितरण करार कलमवार वाचून घेतात का? आणि बजेट आणि फायनान्स प्लॅन दोन्ही विद्यार्थ्याकडून करून घेतात का? ‘ओव्हरव्ह्यू ऑफ मीडिया इंडस्ट्री’ हा विषय तीन सेमिस्टर असेल तर पुढे जायचं.

नोकरीचंही तसंच. प्रॉडक्शन अकाउंट्समध्ये शिरलीस तर छानच, तुझ्या डिग्रीला तिथे लगेच किंमत आहे आणि चांगल्या प्रॉडक्शन अकाउंटंटची सगळीकडे वानवा आहे. पण तिथे कमाईची बाजू कधीच समोर येणार नाही, सिनेमा डिलिव्हर झाला की तुझी फाइल बंद. मग काही काळाने वितरण कंपनी, देशोदेशी हक्क विकणारा सेल्स एजंट, चॅनलचं ॲक्विझिशन म्हणजे हक्क खरेदी किंवा बिझनेस अफेअर्स म्हणजे करार ठरवणारा विभाग असं दुसऱ्या बाजूला जाऊन काम करायचं. बहुतेक लोक आयुष्यभर एकाच बाजूला राहतात आणि दुसऱ्या बाजूचे लोक आपल्याला फसवतात असं समजून चालतात. तुला एक जादा दरवाजा पण आहे, पार्टिसिपेशन ऑडिट. वाटा असलेल्या नटांच्या, लेखकांच्या वतीने स्टुडिओचे हिशेब तपासणारे ऑडिटर असतात, तोच त्यांचा धंदा. बुकवाल्ड वाचून रात्री दोन वाजवलेस म्हणून सांगतेय.

कॉलशीट

पार्टिसिपेशन ऑडिट सुचवलंत ते भारी, मला सुचलं नसतं.

तिसरी_रांग यांचंही पूर्ण खोडू नका. सेट बघितल्याशिवाय बजेट करणारे लोक एक्सेलवर एका दिवसात रात्रीचा पाऊस, लहान मुलं आणि घोडा असे तीन सीन घालतात.

रिमोट_माझ्याकडे

आणि शक्य झालं तर एकदा तरी मार्केट बघ. कान फेस्टिव्हलला १९५९ पासून फिल्म मार्केट जोडलेलं आहे, टीव्हीसाठी तिथेच ऑक्टोबरात मिपकॉम भरतं. लाल गालिच्याचा भाग सोड, आत टेबलं मांडून पोस्टर आणि दोन मिनिटांच्या ट्रेलरवर देशादेशांचे हक्क विकले जातात. जायला जमलं नाही तरी विकायला ठेवलेल्या सिनेमांची वर्णनं वाच, कोण कलाकार आहे हे कथेच्या आधी का लिहितात ते कळेल. प्रीसेल नावावर होते, कथेवर क्वचित.

निळी_शाई

सगळ्यांचे खूप आभार. ठरवलंय असं की नोकरी लगेच सोडत नाही, आधी एका प्रॉडक्शन अकाउंटंटकडे फ्रीलान्स मदतनीस म्हणून जाता येतंय का बघते, कोर्सचं पुढच्या वर्षी, आणि ते पार्टिसिपेशन ऑडिट डोक्यात बसलंय.

एक शंका. सरावासाठी नेटवर मिळालेली एक पटकथा घेऊन शेड्यूल करायला बसले, प्रत्येक सीनची लांबी लिहायची तर काही ठिकाणी १ ३/८ पान, २/८ पान असं दिसलं. हे आठचं काय प्रकरण आहे? आणि २/८ ला सरळ १/४ का लिहीत नाहीत? माझ्यातली ऑडिटर अस्वस्थ झालीये.

कॉलशीट

पानाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे पानावर साधारण एक इंच. पट्टी न लावता नजरेने सांगता येतं. आणि १/४ लिहायचं नाही, सगळं आठातच ठेवायचं, म्हणजे दिवसाची बेरीज करताना छेद सारखे करत बसायला लागत नाही. ४/८ ला पण ४/८ च.

ढोबळ हिशेब एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, पण त्यावर दिवस ठरवू नकोस. ‘दोन सैन्यं भिडतात’ हे १/८ पान असतं आणि त्याला आठवडा जातो, दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत ती ५ पानं दुपारपर्यंत उरकतात. आता प्रत्येक सीनपुढे तीन रकाने अजून काढ, आत की बाहेर, दिवस की रात्र, लोकेशन कुठलं. मग सीन क्रमाने न लावता लोकेशनप्रमाणे लाव, त्यात दिवस-रात्र वेगळे कर, आणि सगळ्यात महाग नटाचे दिवस एकत्र येतील असं सरकव. कुठला नट कुठल्या दिवशी आहे त्याचा तक्ता आपोआप तयार होतो, त्याला डे आउट ऑफ डेज म्हणतात. तो झाला की इथे टाक, मग त्याच्यावरून बजेटच्या वरच्या पानाकडे, म्हणजे सगळ्या हेडच्या बेरजा असतात त्या सारांशाकडे, जाऊ.